पाण्यावरून पळणारी बोट आणि पाण्यातून जाणारी बोट

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण कोथरूडला राहता, भिगवणजवळ उजनीच्या काठावर आपली जमीन आहे आणि धाकट्या बंधूंसोबत आठ माणसे बसतील अशी मोटरबोट आपल्याला घ्यावयाची आहे. वापर मुख्यतः पक्षी पाहण्यासाठी आणि घरच्या मंडळींच्या फेरफटक्यासाठी होईल. वर्षातून एकदा-दोनदा बोट ट्रेलरवरून दापोलीकडे न्यावी, असाही विचार आहे. विक्रेत्यांनी आपल्यासमोर तीन बोटी ठेवल्या आहेत: ११५ अश्वशक्तीचे पेट्रोल आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेरून लावलेले इंजिन) असलेली २२ फुटी व्ही-तळाची बोट, ३० अश्वशक्तीचे डिझेल इंजिन आत बसवलेली २४ फुटी गोल तळाची लाँच, आणि ६० अश्वशक्तीचे आउटबोर्ड असलेले २४ फुटी पाँटून, म्हणजे दोन तरंगत्या नळ्यांवर बसवलेला सपाट डेक. यांपैकी चालवायला स्वस्त कोणती आणि बसायला सुखाची कोणती, हे आपल्याला हवे आहे. आपल्या मातोश्रींचे वय ७८ असून त्यांना कंबरेचा त्रास आहे, हेही आपण कळवले आहे, आणि माझ्या दृष्टीने आपल्या पत्रातील ती सर्वांत उपयोगाची माहिती आहे.

बोटी बांधण्याच्या, दुरुस्त करण्याच्या आणि त्यांना इंजिने बसवण्याच्या कामात माझी सव्वीस वर्षे गेली. पहिली सात रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आणि पुढची भोसरीतील फायबरच्या कारखान्यात. या काळात मी पाहिलेली सर्वांत महागडी चूक एकच आहे: तळ एका वेगासाठी बांधलेला असतो आणि मालक बोट दुसऱ्याच वेगाने चालवत राहतो. कोणताही तळ मुळात स्वस्त किंवा महाग नसतो. तळ आणि वेग यांची जोडी स्वस्त किंवा महाग असते, आणि सुखाचेही तसेच आहे. म्हणून तीन बोटींची तुलना करण्याआधी आपण दोघा भावांनी बसून एका गोष्टीचे प्रामाणिक उत्तर ठरवावे, की वर्षातल्या दहा फेऱ्यांपैकी किती फेऱ्यांत आपल्याला खरोखर वेगाने कुठे पोहोचायचे असेल.

वेगाला इतके महत्त्व का, हे पाण्याच्या वागण्यातून कळते. बोट पुढे सरकते तेव्हा नाळेपाशी, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकापाशी, पाणी उचलले जाऊन लाट तयार होते. वेग वाढेल तशी या लाटेची लांबी वाढते. एका ठरावीक वेगाला लाटेचा एक माथा नाळेशी आणि दुसरा माथा बरोबर बोटीच्या मागच्या टोकाशी येतो, म्हणजे बोट स्वतःच उठवलेल्या दोन माथ्यांमधल्या खळग्यात बसते. त्याहून जोर लावला की मागचा माथा मागे सुटतो, बोटीची मागची बाजू खाली बसते, नाळ वर उचलली जाते आणि तेथून पुढचे सारे इंधन जणू घाट चढण्यात खर्च होते. ब्रिटिश अभियंते विल्यम फ्रूड यांनी १८७२च्या सुमारास टॉर्की येथे बांधलेल्या लांब टाकीत बोटींच्या प्रतिकृती ओढून या गोष्टीचे मोजमाप केले. १९१६ मध्ये स्थापन झालेल्या, आपल्या खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात धरणांच्या आणि नद्यांच्या ज्या प्रतिकृती बांधल्या जातात, त्यांचे प्रमाणही याच फ्रूड यांच्या नियमाने ठरते. बोटीसाठी त्यातून एक सोपा ठोकताळा निघतो. पाण्याच्या रेषेवरील लांबी फुटांत घ्यावी, तिचे वर्गमूळ काढावे आणि त्याला १.३४ ने गुणावे. येणारा आकडा नॉटमध्ये असतो. आपल्यापुढील लाँचची पाण्याच्या रेषेवरील लांबी २२ फूट धरली तर हा वेग ६.३ नॉट, म्हणजे ताशी सुमारे साडेअकरा किलोमीटर येतो. गोल तळाच्या जड बोटीसाठी ही लक्ष्मणरेषा समजावी.

या नियमाला एक सुंदर अपवाद पुण्यातच पाहायला मिळतो. अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या रेगाटात (नौकानयनाच्या सोहळ्यात) मुळेच्या पाण्यात उतरणाऱ्या शर्यतीच्या होड्या केवळ वल्ह्यांच्या बळावर हा वेग सहज ओलांडतात, कारण त्या लांबीच्या मानाने इतक्या अरुंद असतात की त्यांच्याकडून अडथळा ठरेल एवढी लाट उठतच नाही. अरुंद आणि हलका तळ थोड्या शक्तीत पुढे जातो, ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे ती पुन्हा उपयोगी पडेल. मात्र आठ माणसे, त्यांच्या पिशव्या आणि डोक्यावर छत घेऊन जाणारी बोट तितकी अरुंद बांधता येत नाही, कारण ती कलंडेल.

ही रेषा ओलांडण्याचा प्रयत्न मी स्वतः एकदा करून पाहिला आहे. पुण्यात आल्यावर दुसऱ्याच वर्षी एका मालकाच्या २३ फुटी लाँचमधील २० अश्वशक्तीचे इंजिन काढून मी त्यांच्या आग्रहाखातर ४० अश्वशक्तीचे बसवले. नकार द्यायला हवा होता, पण तेव्हा मला तेवढा अनुभव नव्हता. शक्ती दुप्पट झाली आणि वेग ताशी जेमतेम दीड किलोमीटरने वाढला. पूर्ण जोरात तासाला जळणारे डिझेल जवळजवळ दुप्पट झाले, आणि बोटीची मागची बाजू इतकी खाली बसू लागली की वळताना लाटेचे पाणी आत आले. पुढच्या हंगामात जुने इंजिन मी माझ्या खर्चाने परत बसवून दिले. तेव्हापासून लाँचसाठी कोणी मोठे इंजिन मागितले की मी आधी कागदावर वर्गमूळ काढून दाखवतो.

व्ही-तळाची बोट या अडचणीतून वेगळ्या वाटेने सुटते. पुरेशी शक्ती मिळाली की तिचा सपाटीकडे झुकणारा मागचा तळ पाण्यावर उचलला जातो आणि बोट पाणी कापत जाण्याऐवजी पाण्यावरून सरकू लागते. यालाच प्लेनिंग म्हणतात. मात्र तेथवर पोहोचण्यासाठी तिला आधी तो घाट चढावाच लागतो. आपल्या २२ फुटी बोटीच्या बाबतीत ताशी साधारण १२ ते २२ किलोमीटर हा तो घाट आहे. या पट्ट्यात नाळ वर, मागची बाजू खाली, चालवणाऱ्याला पुढचे दिसत नाही, मागे मोठी लाट उठते आणि इंजिन सर्वांत वाईट हिशेबाने पेट्रोल पिते. दुर्दैवाने हौशी मालक नेमका हाच वेग धरतात, कारण त्यांना पूर्ण वेगाची भीती वाटते आणि अगदी हळू जाणे कमीपणाचे वाटते.

आता आकडे पाहू. हे अंदाज आहेत. पूर्ण भरलेली, तळ स्वच्छ असलेली आणि योग्य पंखा (प्रोपेलर) लावलेली बोट मी गृहीत धरली आहे. पेट्रोल लिटरला १०५ रुपये आणि डिझेल ९१ रुपये धरले आहे. भाव बदलला तरी तुलना फारशी बदलत नाही. एक विनंती अशी, की खर्च तासावर मोजू नये, किलोमीटरवर मोजावा. विक्रेते तासाचा आकडा सांगतात आणि तो फसवा असतो.

व्ही-तळाची बोट ताशी ३५ किलोमीटरने नीट प्लेनिंग करीत असताना तासाला सुमारे २१ लिटर पेट्रोल घेईल, म्हणजे किलोमीटरला ०.६ लिटर किंवा ६३ रुपये. तीच बोट घाटाच्या मध्यावर, ताशी १६ किलोमीटरने, तासाला १४ लिटर घेईल. तासाचा आकडा कमी दिसतो, पण किलोमीटरला तो जवळजवळ ९२ रुपये पडतो. अगदी सावकाश, ताशी ९ किलोमीटरने गेलात तर तासाला साडेचार लिटर, म्हणजे किलोमीटरला सुमारे ५२ रुपये. पूर्ण जोरात ११५ अश्वशक्तीचे इंजिन तासाला ४० लिटरच्या आसपास जाते. लाँच मात्र ताशी १० किलोमीटरने जाण्यासाठी इंजिनातून ९-१० अश्वशक्तीच घेते आणि तासाला साधारण २.१ लिटर डिझेल जाळते; किलोमीटरला १९ रुपये. तिला साडेअकरा किलोमीटरपर्यंत रेटले तर वापर तासाला चार लिटरवर जातो, म्हणजे वेग एक-दशांशापेक्षा थोडाच अधिक वाढतो आणि इंधन जवळजवळ दुप्पट होते. पाँटून ताशी ९ किलोमीटरने तासाला चार लिटर पेट्रोल घेईल, किलोमीटरला ४७ रुपयांच्या आसपास. ते ताशी २५-२६ किलोमीटरवर पळवले तर हा आकडा ७५ रुपयांपर्यंत चढतो.

आपण लिहिल्याप्रमाणे वर्षाला साठ फेऱ्या आणि प्रत्येक फेरी वीस किलोमीटरची धरली तर अंतर १,२०० किलोमीटर होते. त्यासाठी लाँचला सुमारे २३,००० रुपयांचे डिझेल, सावकाश चालवलेल्या पाँटूनला ५६,००० रुपयांचे आणि प्लेनिंग करणाऱ्या व्ही-बोटीला ७६,००० रुपयांचे पेट्रोल लागेल. वेळेचा फरकही तितकाच मोठा आहे: वीस किलोमीटरला व्ही-बोट पस्तीस मिनिटे घेईल आणि लाँच दोन तास. ज्याला पलीकडच्या काठावर कामासाठी पोहोचायचे आहे त्याच्यासाठी हे दोन तास नुकसान आहे. ज्याला रोहित, चित्रबलाक आणि बदके पाहायची आहेत, त्याच्यासाठी तीच सहल आहे. शिवाय भिगवणच्या उथळ पाण्यात वेगाने जाणारी कोणतीही बोट पक्ष्यांचे थवे उठवते आणि मग पाहण्यासारखे काही उरत नाही.

येथे अनेकांच्या मनात येणारा प्रश्न असा, की व्ही-बोट घेऊन ती हळू चालवली तर दोन्ही साधणार नाही काय? वरच्या आकड्यांतच उत्तर आहे. हळू चालवलेली व्ही-बोट लाँचच्या पावणेतीन पट खर्चाची आहे. तिची मागची बाजू रुंद आणि पाण्यात बुडलेली असते, त्यामुळे ती मागे पाणी ओढत जाते. मोठे पेट्रोल इंजिन मंद फिरताना प्रत्येक अश्वशक्तीमागे जास्त इंधन घेते. आणि हळू वेगात तिची नाळ सतत डावी-उजवीकडे भरकटते, म्हणून सुकाणूवरचा हात क्षणभरही स्वस्थ राहत नाही.

इंजिनाबाबत पुण्याकडच्या पाण्यासाठी दोन गोष्टी किनाऱ्यावरच्या विक्रेत्याला सुचत नाहीत. पहिली उंचीची. उजनीचे पाणी समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटरवर आहे, पानशेतचे ६३५ मीटरच्या आसपास. टर्बो नसलेले इंजिन दर ३०० मीटरला साधारण तीन टक्के शक्ती गमावते. मुंबईत आठ माणसांसह जेमतेम प्लेनिंगवर येणारी बोट उजनीत, मे महिन्याच्या तापलेल्या हवेत, घाटाच्या अलीकडेच अडकून राहते. पंख्याची पिच, म्हणजे एका फेरीत तो जेवढे अंतर पुढे रेटतो ते, एक इंचाने कमी केल्यास बहुधा काम होते. पण पंखा योग्य आहे की नाही हे बोट पूर्ण भरलेली असताना इंजिन आपल्या पुस्तिकेतल्या कमाल फेऱ्यांपर्यंत पोहोचते का, यावरूनच ठरवावे. लाँचला ही अडचण जाणवत नाही, कारण ती आपल्या शक्तीचा तिसरा हिस्साच वापरत असते.

दुसरी गोष्ट पेट्रोलची. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, तर अनेक आउटबोर्ड उत्पादकांच्या पुस्तिका दहा टक्क्यांपर्यंतच परवानगी देतात. इथेनॉल हवेतील ओलावा शोषते. बोटीची टाकी पाण्याच्या काठी, अर्धी रिकामी, आठवडेच्या आठवडे उभी असते. तेवढ्यात पुरेसे पाणी जमले की इथेनॉल आणि पाणी वेगळे होऊन तळाशी बसते आणि इंजिन नेमके तेच ओढते. पावसाळ्यानंतर पहिल्याच दिवशी बंद पडणाऱ्या आउटबोर्डांपैकी निम्म्यांत तरी मला हेच आढळते. उत्पादकाकडून या विशिष्ट इंजिनासाठी वीस टक्के चालते, असे लेखी घ्यावे, पाणी वेगळे करणारा फिल्टर बसवावा आणि लागेल तेवढेच पेट्रोल आणावे. डिझेलच्या टाकीतही पाणी साचते आणि त्यात जंतूंचा गाळ वाढतो, पण टाकीच्या तळाचा नळ महिन्यातून एकदा सोडला की पुरते.

देखभालीत लाँचचा फायदा इंधनाइतका मोठा नाही. आउटबोर्डची सेवा दर शंभर तासांनी किंवा वर्षाने करावी लागते आणि तिचे सुटे भाग महाग असतात. पण ते इंजिन दोन तासांत काढून पुण्याला आणता येते. लाँचचे डिझेल इंजिन जागेवरच दुरुस्त करावे लागते, पंख्याचा शाफ्ट तळातून बाहेर पडतो तेथल्या ग्लँडमधून पाणी ठिबकते त्याकडे लक्ष ठेवावे लागते, आणि इंजिन व शाफ्ट एका रेषेत नसले तर बेअरिंग खाल्ले जाते. शिवाय ट्रेलरवर घरी येणारी बोट कोरडी राहते, तर लाँच वर्षभर पाण्यात उभी असते. गोड्या, कोमट पाण्यात सतत उभ्या राहणाऱ्या फायबरच्या तळाला फोड येतात. समुद्रापेक्षा हा त्रास तलावात जास्त होतो, हे पुष्कळांना माहीत नसते. नवी बोट पाण्यात उतरवण्याआधी तळाला इपॉक्सीचे थर द्यायला सांगावेत. नंतर ते करणे म्हणजे तळ घासून, दोन-तीन महिने वाळवून पुन्हा बांधण्यासारखे आहे. आणि दोन-तीन महिन्यांतून एकदा शेवाळ काढावे. वीतभर लांबीचे शेवाळ प्लेनिंग करणाऱ्या बोटीला घाटच चढू देत नाही.

आता सुखाविषयी. सुख या शब्दात दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या बहुधा एकमेकींच्या विरोधात असतात. एक, चालताना बसणारे आदळे. दुसरी, थांबल्यावर होणारे हेलकावे. उजनी हे मोठे पाणी आहे. ११७ टीएमसीचा हा जलाशय भरलेला असताना वाऱ्याला धावायला मैलोन् मैल मिळतात. उन्हाळ्यात दुपारनंतर पश्चिमेचा वारा धरला की दीड-दोन फुटांच्या, आखूड आणि उभ्या लाटा उठतात. समुद्रावरची लांब लाट बोटीला उचलते आणि सोडते. तलावातली आखूड लाट आदळते. ताशी ३५ किलोमीटरने जाणारी बोट अशा लाटेच्या माथ्यावरून सुटते आणि पुढच्या लाटेवर पडते, आणि ते पडणे सरळ बसलेल्या माणसाच्या कण्यात जाते.

तळ जितका उभा व्ही आकाराचा, तितका हा आदळा कमी. तळाच्या या कोनाला कारागीर डेडराइज म्हणतात आणि तो बोटीच्या मागच्या टोकाशी मोजतात. १९६० च्या मायामी–नसाऊ शर्यतीत अमेरिकी रचनाकार रे हंट यांच्या खोल व्ही-तळाच्या बोटीने खवळलेल्या समुद्रात बाजी मारली आणि तेव्हापासून २० ते २४ अंशांचा तळ ही वेगवान समुद्री बोटीची ओळख बनली. पण या तळाला त्याच वेगासाठी सपाट तळापेक्षा जास्त शक्ती लागते, आणि थांबल्यावर तो चटकन एका अंगावर झुकतो. तलावासाठी १४ ते १६ अंशांचा तळ मला योग्य वाटतो. आपल्याला दाखवलेल्या बोटीचा कोन किती आहे हे विक्रेत्याला अवश्य विचारावे. अगदी सपाट तळाची बोट सर्वांत कमी शक्तीत उचलली जाते, म्हणून स्वस्त पडते, परंतु दुपारच्या उजनीत तिच्यात बसवून एका वृद्ध गृहस्थांना नेले गेल्याचे आणि परतल्यावर त्यांना आठवडाभर अंथरुणातून उठता न आल्याचे मी पाहिले आहे. कंबरेचा त्रास असलेल्या माणसाला कोणत्याही वेगवान बोटीत नाळेकडे बसवू नये. तेथे आदळे सर्वांत जोरदार असतात आणि मध्यापासून थोड्या मागच्या जागी सर्वांत कमी.

लाँच लाटेतून आदळत नाही, कारण ती लाटेवरून सुटण्याइतकी वेगवान नसते. ती लाट फोडत आणि अंगावर घेत जाते. तिचा दोष दुसरा आहे: गोल तळ आडव्या लाटेत डुलतो. हे डुलणे मोठे पण संथ असते आणि बहुतेकांना ते सोसते. ज्यांना बोट लागते त्यांना मात्र हाच संथ हेलकावा त्रास देतो. तळाच्या दोन्ही कुशींना बसवलेल्या लांब पट्ट्यांनी तो बराच कमी होतो आणि इंधनात नाममात्र फरक पडतो. त्या बांधतानाच बसवून घ्याव्यात. आतल्या डिझेल इंजिनाचा आवाज आणि थरथर हा तिचा दुसरा दोष. इंजिनपेटीला आतून जाड फोमचे अस्तर आणि खाली चांगले रबरी माउंट असतील तर गप्पा मारता येतात. नसतील तर पक्ष्यांचे आवाज विसरावेत.

पाँटून शांत पाण्यावर या सर्वांत सुखाचे आहे, हे मोकळेपणाने सांगतो. सपाट डेक, उंबरठा नाही, काठावरून पाय टाकला की आत. आपल्या मातोश्रींना चढताना कोणाचा हातही धरावा लागणार नाही, आणि आठही माणसे एका बाजूला आली तरी ते फारसे कलत नाही. पण त्याचा पृष्ठभाग मोठा आणि पाण्यातला पकडणारा भाग कमी, त्यामुळे जोराच्या वाऱ्यात ते सरकत जाते आणि धक्क्याला लावताना घाम फोडते. आखूड लाट दोन नळ्यांमधून आत शिरून डेकखालच्या आडव्या पट्ट्यांवर थापा मारते आणि पुढे बसलेल्यांना भिजवते. सकाळी सात ते अकरा हीच आपली वेळ असेल, तर हा दोष आपल्याला क्वचितच दिसेल. समुद्रात ते नेऊच नये.

कॅटमरानविषयी आपण विचारलेले नाही, पण गेटवे ते मांडवा फेरीत ती पाहिली असेल. तिच्या दोन अरुंद तळांना शर्यतीच्या होडीचा फायदा मिळतो आणि ती स्थिरही असते. परंतु वजनाच्या बाबतीत ती फार नाजूक असते, बहुधा दोन इंजिने मागते, आणि आठ माणसांच्या आकारात तिची किंमत वसूल होत नाही. अर्ध-प्लेनिंग तळ नावाचा मधला प्रकार पोलिसांच्या आणि बंदर खात्याच्या गस्ती बोटींना शोभतो. खाजगी मालकाला तो त्याच महागड्या पट्ट्यात ठेवतो, म्हणून मी त्याची शिफारस करत नाही. पुढेमागे विजेवर चालवण्याचा विचार असेल तर मात्र लाँचच घ्यावी. ताशी १० किलोमीटरसाठी तिला बॅटरीतून सात-आठ किलोवॉट पुरतात, म्हणजे पंधरा किलोवॉट-तासांच्या बॅटरीवर जेमतेम दोन तासांची फेरी होते. व्ही-बोटीला तेवढ्यात प्लेनिंगवर चढणेही जमणार नाही.

उजनीची आणखी एक गोष्ट निर्णयात धरावी लागेल. हे पाणी वर्षभर एका जागी राहत नाही. उन्हाळ्यात ते इतके मागे जाते की पळसदेवचे बुडालेले जुने मंदिर उघडे पडते. त्याआधी काही आठवडे अशीच बांधकामे, बांध आणि झाडांचे बुंधे पाण्याखाली हात-दोन हातांवर असतात. वेगात आउटबोर्डचा पंखा बुंध्याला लागला तर गिअरपेटीसह जातो. लाँचचा पंखा कण्याच्या (तळाखालच्या मधल्या लांब तुळईच्या) मागे झाकलेला असतो आणि वेगही कमी, म्हणून कण्याखाली लोखंडी पट्टी असेल तर बहुतेक वेळा नुसता खरवडा उठतो. मात्र तिला दोन-अडीच फूट पाणी हवेच. पाणी उतरेल तशी तिला खोल पाण्यातल्या तरंगत्या बोयाकडे हलवावे लागेल, आणि त्यासाठी रोज नजर ठेवणारा गावातला एक माणूस पगारावर ठेवावा लागेल. हा खर्च वरच्या डिझेलच्या हिशेबात नाही. तो धरला तर लाँच आणि पाँटून यांच्यातील अंतर बरेच कमी होते.

या सगळ्यावरून माझे मत असे आहे. दापोलीचा विचार सोडून द्यावा. वर्षातल्या दोन खेपांसाठी समुद्राला योग्य तळ घेणे म्हणजे उरलेल्या साठ फेऱ्यांचे पेट्रोल त्या दोन खेपांच्या नावे जाळणे आहे. तिकडे तांडेलासह (बोट चालवणाऱ्या प्रमुख नाखव्यासह) बोट भाड्याने मिळते आणि तांडेलाला खाडीचे तोंडही माहीत असते. उजनीसाठी, बोट सांभाळणारा विश्वासू माणूस मिळत असेल तर लाँच घ्यावी; ३० अश्वशक्ती तिला पुरेशीच नव्हे तर थोडी जास्त आहे, ती वाढवू नये, आणि पंखा मोठ्या व्यासाचा व संथ फिरणारा लावावा. असा माणूस मिळत नसेल, किंवा मातोश्री प्रत्येक फेरीत सोबत असणार असतील, तर पाँटून घ्यावे, सकाळीच जावे आणि ताशी ९ किलोमीटरपुढे जाऊ नये. व्ही-तळाची बोट आपल्या उपयोगाची नाही. ती वाईट आहे म्हणून नव्हे. तिच्याकडून जे घ्यायचे, तो वेग, आपल्याला नको आहे म्हणून. कोणतीही बोट घेतली तरी जलसंपदा विभागाची परवानगी, अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ खालील नोंदणी आणि विमा यांची चौकशी पैसे देण्याआधी करावी.

आणि चाचणीशिवाय पैसे देऊ नयेत. विक्रेता दोन माणसे घेऊन सकाळच्या सपाट पाण्यावर फेरी मारून दाखवील. ती मोजू नये. आठ माणसांचे वजन ५६० किलो धरून तेवढ्या वाळूच्या गोण्या बसण्याच्या जागांवर ठेवाव्यात. इंधनाची नळी वेगळ्या, काठोकाठ भरलेल्या कॅनला जोडून, मोबाइलच्या जीपीएसवर पाच किलोमीटर वाऱ्याच्या दिशेने आणि पाच किलोमीटर वाऱ्याविरुद्ध जावे, मग कॅन पुन्हा भरताना किती लिटर लागले ते मोजावे; हे आपण नेहमी ठेवणार त्या वेगाने एकदा आणि विक्रेता सुचवील त्या वेगाने एकदा करावे. त्यानंतर दुपारी चारच्या वाऱ्यात बोट लाटांना आडवी करून इंजिन बंद करावे आणि मातोश्रींना जेथे बसवणार आहात त्या जागी आपण स्वतः, पाठीला कशाचाही आधार न घेता, पंधरा मिनिटे बसून पाहावे.